तदंगभूत वस्तू

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन प्रकार असतात असे कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेले असते, आणि ज्यांच्यावर राहते घर विकण्याचा वा विकत घेण्याचा प्रसंग आलेला नाही त्यांना ते खरेही वाटते. वस्तुतः या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार नांदतो, आणि तंट्याबखेड्यांच्या दृष्टीने तोच काय तो महत्त्वाचा आहे. गिऱ्हाईक घर पाहावयास येते त्या दिवशी पक्की स्थावर असणारी, इसाराची रक्कम हाती पडताच किंचित सैल होणारी, आणि ताबा देण्याच्या आदल्या रात्री सर्वांगाने जंगम होऊन टेम्पोत जाऊन बसणारी जी वस्तू, ती या प्रकारात मोडते. गीझर, पंखे, पडद्यांच्या दांड्या, न्हाणीघरातील आरसा, झोपाळा आणि गॅलरीतील कुंड्या ही तिची सर्वपरिचित उदाहरणे होत.

ज्या गृहस्थाने सदनिकेचा सौदा ठरताना “चला, तुमचंही राहू दे, आमचंही राहू दे,” असे म्हणून चहाच्या एका घोटासरशी दोन लाख रुपये सोडून दिले, तोच गृहस्थ त्या आदल्या रात्री पत्नीला स्टूल धरावयास लावून, विजेरीच्या उजेडात, बैठकीच्या खोलीतील शेवटचा दिवा होल्डरमधून काढीत असतो; आणि ज्या दुसऱ्या गृहस्थाने वीस वर्षांच्या हप्त्यांचे ओझे हसतमुखाने शिरावर घेतले, तो दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या होल्डरखाली उभा राहून, जगात माणुसकी म्हणून काही शिल्लक आहे की नाही, असा प्रश्न चारी भिंतींना विचारीत असतो. याला कंजूषपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कंजूष मनुष्य दोन लाख सोडीत नाही.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या आठव्या कलमात, घर विकले म्हणजे त्याच्याबरोबर काय काय जाते ते सांगितले आहे: कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या, आणि घरासोबत कायम वापरण्यासाठी योजिलेल्या इतर सर्व वस्तू. ज्या पाच वस्तू सहसा कोणी नेत नाही त्या नावनिशीवार सांगून, ज्या नेल्यावाचून कोणी राहत नाही त्या सगळ्या ‘इतर’ या एका शब्दाच्या गाठोड्यात बांधून ठेवण्याचे हे कसब पाहिले म्हणजे, कायदा करणारे आणि कायद्यावर पोट भरणारे यांच्यात फार पूर्वीपासून काही सलोखा असावा अशी शंका येते. मुंबई इलाख्याला हा कायदा १८९३ पासून लागू झाला. म्हणजे जेथे तो आरंभापासूनच लागू होता त्या प्रांतांच्या मानाने साडेदहा वर्षे आपले पूर्वज केवळ आपल्या अंगच्या गुणांवर भांडत होते.

याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने ‘जमिनीला जोडलेले’ म्हणजे काय याचीही फोड केली आहे. जे झाडाझुडपांसारखे जमिनीत रुजले आहे ते जोडलेले. जे भिंतींसारखे जमिनीत रोवले आहे तेही जोडलेले. आणि अशा रोवलेल्या वस्तूला, तिच्या कायमच्या लाभदायक उपभोगासाठी जे जोडले आहे तेसुद्धा जोडलेलेच. आता चौथ्या मजल्यावरील गीझर घ्या. तो भिंतीला, भिंत इमारतीला आणि इमारत जमिनीला, या न्यायाने तो गीझर आकाशात चाळीस फुटांवर लोंबकळत असूनही जमिनीला जोडलेला ठरू शकतो. उलट तुळस प्रत्यक्ष मातीत रुजलेली. पण माती कुंडीत, कुंडी कठड्यावर, आणि कठड्यावर कुंड्या ठेवू नयेत अशी सोसायटीची नोटीस खाली फळ्यावर. तेव्हा गीझर भूमिपुत्र आणि तुळस मात्र बिऱ्हाडकरू, असा चमत्कारिक निकाल पदरात येतो.

इंग्लंडात हा प्रश्न १८७२ साली एका गिरणीतील मागांच्या निमित्ताने सुटला होता, म्हणजे सुटला असे सर्वांनी मानले होते. माग खिळ्यांनी जमिनीला ठोकलेले होते. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी असे ठरविले की, वस्तू किती घट्ट बसविली आहे एवढेच पाहून भागत नाही, ती कोणत्या हेतूने बसविली हेही पाहिले पाहिजे. चुन्यावाचून एकावर एक दगड रचून केलेली भिंत ही जमिनीचा भाग. पण तेच दगड तशाच रीतीने एखाद्या बांधकामवाल्याच्या अंगणात सोयीसाठी रचून ठेवले असतील तर ते जंगम. आणि जहाजाचा नांगर जमिनीत कितीही खोल रुतला तरी तो जमिनीचा होत नाही. विवेचन मोठे मार्मिक आहे. पण हेतू शोधण्याचे हे काम गिरणीत जितके सोपे तितके घरात नाही. दहा वर्षांपूर्वी वैशाखात घामाघूम होऊन ज्याने वातानुकूलन यंत्र बसवून घेतले, त्याचा हेतू त्या क्षणी भिंतीच्या कायमच्या लाभाचा होता की स्वतःच्या, हे त्याला स्वतःलाही शपथेवर सांगता यावयाचे नाही.

आपल्याकडील खरेदीखते याहून उदार. चतुःसीमा सांगून झाल्यावर लेखक लोक एका दमात लिहून जातात की, सदरहू मिळकत तीतील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपादि तदंगभूत वस्तूंसह व जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह कायम खरेदी दिली असे. हा मजकूर शेतजमिनीसाठी आणि वाड्यांसाठी घडला आणि सवयीने कधी कधी जिना चढून सदनिकांतही आला. त्यायोगे चौथ्या मजल्यावरील दोन खोल्या घेणाऱ्या इसमास, जेथे जल म्हणजे सकाळचा तास दीड तास आणि तृण म्हणजे पायपुसणे, तेथे भूमिगत द्रव्यावरचा संपूर्ण हक्क प्राप्त होतो. पंख्यांविषयी मात्र दस्तात अवाक्षर नसते.

मग प्रश्न असा की, ज्या समाजात लग्नाच्या याद्या करताना विहिणीच्या साडीपासून करवलीच्या मानापर्यंत एकही कलम सुटत नाही, त्या समाजात घराच्या सौद्याची साधी यादी का होत नाही? माझ्या मते याचे कारण भीड हे होय. लग्नात मागावयाचे असते ते मानाचे म्हणून मागता येते. घराच्या सौद्यात गीझर मागितला तर तो गीझरच मागितला असे दिसते. लाखांचे बोलणे पुरुषार्थाचे; शेकड्यांचे बोलणे हलकटपणाचे. म्हणून घर पाहावयास आलेले जोडपे खोल्या हिंडत असता जो संवाद होतो तो ऐकण्यासारखा असतो.

“हे सगळं आम्ही या घरासाठीच करून घेतलं हो,” विकणाऱ्या काकू ट्रॉल्या आतबाहेर सरकवून दाखवीत म्हणतात. “दुसरीकडे नेऊन बसतंय थोडंच?”

“किती छान ठेवलंय काकू तुम्ही!” घेणारी सून-वयाची बाई म्हणते, आणि नवऱ्याकडे पाहते. नवरा छताकडे पाहतो.

“पंखे नवीनच दिसताहेत काका.”

“गेल्या गणपतीतच घेतले. वारा बघा कसा लागतो.”

या चार वाक्यांत एका पक्षाने सर्व काही दिले असे दुसऱ्या पक्षास स्पष्ट ऐकू आलेले असते, आणि पहिल्या पक्षाने काहीच दिलेले नसते. “म्हणजे हे राहणार ना?” हे तीन-चार शब्दांचे वाक्य घेणाराच्या जिभेवर येऊन परत जाते, कारण ते उच्चारले तर आपण फुकटे ठरू ही भीती, आणि “हे आम्ही नेणार बरं का” हे वाक्य विकणाराच्या कंठात अडकते, कारण ते उच्चारले तर किमतीचा आकडा पुन्हा उघडा पडेल ही भीती. दोन्ही पक्ष कमालीच्या सभ्यतेने निरोप घेतात. पुढचे सगळे असभ्य वर्तन या सभ्यतेचे फळ असते.

आमच्या परिचयातील एका झोपाळ्याची हकीकत या संदर्भात सांगितलीच पाहिजे. विकणारे नाना सत्तरीचे, निवृत्त, घर सोडून मुलाकडे राहावयास निघालेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत शिसवी पाटाचा झोपाळा होता. त्याच्या पितळी कड्या आणि छतातील चार आकडे त्यांनी वाईचा जुना वाडा पाडला तेव्हा तेथून आणविले होते, आणि इमारतीचा स्लॅब पडत असताना स्वतः उभे राहून आकडे आत बसवून घेतले होते. घेणाऱ्या तरुण जोडप्याने त्या झोपाळ्यावर बसूनच घर पसंत केले होते, आणि नानांनीही त्यांना बसविले होते. ताब्याच्या दिवशी खोलीत पाट नव्हता आणि कड्याही नव्हत्या. छतातून चार आकडे तेवढे खाली डोकावत होते.

“नाना, झोपाळा?” तरुणाने विचारले.

“झोपाळा म्हणजे लटकती वस्तू,” नाना म्हणाले. त्यांची नोकरी महसूल खात्यात झाली होती. “ती जमिनीला कुठे लागते? लागली तर तिला झोपाळा म्हणत नाहीत.”

“पण आम्ही बसून पाहिला होता.”

“खुर्चीवरही बसला होतात. खुर्ची नेलेली चालते ना?”

हा युक्तिवाद बिनतोड होता, आणि बिनतोड युक्तिवाद करणाऱ्याला थांबता येत नाही तसे नानांनाही थांबता आले नाही. आकडे हे झोपाळ्याचे अवयव असल्याने तेही आपलेच, आणि ते काढण्यासाठी आपण उद्या गवंडी घेऊन येणार, असे त्यांनी जाहीर केले. तरुणाने तोवर एका वकील मित्राला फोन लावला होता. स्लॅबात रोवलेले ते घराचे, असा निर्वाळा त्याने दिला. त्याहून मोठी हरकत वरच्या मजल्यावरून आली. आपल्या जमिनीखाली कोणी छिन्नी चालविली तर आपण पोलिसात जाऊ, असे तेथील बाईंनी जिन्यातून खाली वाकून सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितले. आकडे राहिले. पुढे असे झाले की, मुलाच्या घरी सगळीकडे पीओपीचे नक्षीदार छत असल्याने झोपाळा टांगण्याची सोय निघाली नाही, आणि पाट कड्यांसह पलंगाखाली गेला. इकडे तरुण जोडप्याने बाजारचे झोपाळे पाहिले, पण कोणत्याही कड्यांची गाठ त्या जाडजूड आकड्यांशी पडेना, तेव्हा पावसाळ्यात कपडे वाळविण्यासाठी चार आकड्यांना आडव्या दोऱ्या बांधल्या. एका झोपाळ्याचे दोन मालक आहेत आणि झोपाळा कुठेच नाही, ही स्थिती आजतागायत आहे. मध्यस्थीसाठी म्हणून दोन्ही घरी जाऊन आलो तेव्हा दोन्हीकडे चहा उत्तम मिळाला, आणि समोरचा पक्ष मुळात वाईट नाही असेही दोन्हीकडे ऐकावयास मिळाले.

नाना निदान आकड्यांपाशी थांबले. काहींना कुठे थांबावे हे कळत नाही. चांगले पितळी नळ काढून त्या जागी प्लॅस्टिकच्या तोट्या बसविणे, पंखा ठेवून रेग्युलेटर नेणे, दारावरची घंटा नेऊन बटण तेवढे भिंतीवर ठेवणे, हे प्रकार सर्रास चालतात; या शेवटच्या प्रकारात पाहुणा बाहेर बराच वेळ बटण दाबीत उभा राहतो. वास्तविक विकणाऱ्याने ताबा देईपर्यंत मिळकतीची काळजी सामान्य शहाणपणाच्या मालकाप्रमाणे घ्यावी असे त्याच अधिनियमाचे पंचावन्नावे कलम सांगते. आपण जोडलेले आपण सोडवून नेण्याची मुभा एकशे आठव्या कलमात आहे खरी, पण ती भाडेकरूला. आणि त्यालाही जागा जशी घेतली तशी परत करण्याची अट आहे. जन्मभर भाडेकरूंना नावे ठेवलेला मालक शेवटच्या रात्री भाडेकरूचे कलम स्वतःला लावून घेतो, आणि त्यातली अट तेवढी विसरतो.

मुद्रांक शुल्काच्या काळजीने या घोळात आणखी भर पडते. घराची किंमत थोडी कमी दाखवून उरलेली रक्कम ‘फर्निचर’ म्हणून वेगळ्या करारात घालण्याची युक्ती बरेच लोक करतात. सरकारी दरपत्रकातील बाजारमूल्य त्याहून जास्त निघाले तर शुल्क त्यावरच भरावे लागते, तेव्हा युक्ती फळतेच असे नाही. पण केल्याचे समाधान मिळते. अशाच एका व्यवहारात भिंतभर कपाट दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी जंगम ठरले होते. ताब्यानंतर आठवड्याभरात कपाटाच्या मागील फळीला वाळवी निघाली. घेणाऱ्याने ते घेऊन जा म्हणून निरोप धाडला, तेव्हा विकणाऱ्याचे उत्तर आले: “भिंतीतलं कपाट कसं हलवणार हो? ते घरातच धरलेलं असतं.”

येथवर नेलेल्या वस्तूंचे झाले. ठेवलेल्या वस्तूंचे प्रकरण माझ्या मते अधिक गंभीर आहे, कारण नेलेली वस्तू विकत आणता येते, ठेवलेली वस्तू कोणास देता येत नाही. घर विकणारा मनुष्य जाताना माळ्यावर एक वेगळेच घर ठेवून जातो. थर्मोकोलचे मखर, तळ गेलेले पिंप, दिवाळी अंकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, चाक निखळलेली तिचाकी, आत दगड झालेला रंगाचा डबा, आणि कोणत्या यंत्राचे ते कोणालाही न सांगता येणारे लोखंडी अवजड धूड, अशी ही इस्टेट असते. तिच्याबद्दल विचारले असता उत्तर नेहमी परोपकाराचे असते. “तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून मुद्दामच ठेवलंय.” रंगाचा डबासुद्धा भिंतीचा पोपडा निघाला तर रंग जुळावा, या दूरदृष्टीने ठेवलेला असतो.

एका घरी माळा साफ करताना एक तसबीर निघाली. पगडी घातलेले, उपरणे घेतलेले, मिशा खाली वळलेल्या, करारी मुद्रेचे एक वृद्ध गृहस्थ; काचेवर वाळलेल्या गंधाचा ठिपका. घरच्या बाईंनी तसबीर पुसून, घाबऱ्याघुबऱ्या फोन केला.

“काका, तुमच्या आजोबांची तसबीर राहिली हो माळ्यावर. कधी येताय न्यायला?”

“तसबीर? पगडीवाले ना? असू दे, असू दे. ते घराचेच आहेत.”

“घराचे म्हणजे? तुमचे कोण लागतात?”

“कल्पना नाही बुवा. आम्ही घर घेतलं तेव्हाही ते होतेच.”

खरेदीखताच्या भाषेत ज्याला निःसंशय तदंगभूत वस्तू म्हणता येईल असे हे एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे. दुसऱ्याचा का होईना, पूर्वज रद्दीत घालणे कोणाच्या हातून होईना, आणि देव्हाऱ्याशेजारी लावणेही प्रशस्त वाटेना. अखेर तो पुन्हा माळ्यावर गेला, पण या वेळी स्वच्छ फडक्यात गुंडाळून. पितृपंधरवड्यात बाई त्याच्या नावाने, म्हणजे नाव ठाऊक नसल्याने नुसतेच, एक पान वाढतात असे ऐकतो. घर पुन्हा विकले जाईल तेव्हा किमतीत याचा विचार व्हावा.

दारावरच्या पाटीचाही असाच पेच असतो. ती लाकडी असेल तर मालक काखेत मारून जातो. पण संगमरवरी असून सिमेंटात बसविलेली असेल तर तिसऱ्या कलमाप्रमाणे ती घेणाऱ्याच्या मालकीची ठरू पाहते, आणि एक मनुष्य पूर्ण मोबदला देऊन दुसऱ्याच्या आडनावाचा कायदेशीर धनी होतो. पाटी विकणारा मागतो, कारण त्यावर आपले नाव आहे. घेणारा देत नाही, कारण काढली तर भिंतीला भगदाड पडेल. शेवटी तीवरच नवी पाटी डकविली जाते, आणि पुढची दोन-चार वर्षे गणपतीची वर्गणी, विम्याचे कागद आणि हळदीकुंकवाची आमंत्रणे खालच्या नावाला येत राहतात.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरविक्रीची जी रीत घालून दिली आहे ती पाहता, त्याला या सर्वांची कल्पना असावी असे वाटते. घर घेण्याचा पहिला हक्क आप्तांचा, मग शेजाऱ्यांचा, मग धनकोंचा. आणि विक्री व्हावयाची ती त्या घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या देखत, किंमत तीनदा पुकारून, कोणी हरकत न घेतल्यास. चाळीस कुळे समोर उभी असताना पडद्याच्या दांड्या काढून नेण्याचे धैर्य कोणास व्हावे? आज ही साक्षीची पद्धत औपचारिकरीत्या बंद पडली आहे, तरी सेफ्टी डोअरच्या जाळीमागून ती चालूच असते. नव्या मालकाने पेढे वाटण्यासाठी दार वाजविले की प्रथम अभिनंदन होते, आणि मग आवाज उतरवून, “रात्री साडेअकराला एसी नेला बरं का त्यांनी. आम्ही काही बोललो नाही,” अशी जबानी मिळते.

अलीकडे काही वकील या सगळ्यावर उपाय म्हणून साठेखताला वस्तूंचे परिशिष्ट जोडतात. अशा एका बैठकीस मी साक्षीदार म्हणून हजर होतो. वकीलबाई तरुण आणि काटेकोर. पंखे चार, कोणत्या खोलीत कोणता, पाती किती. गीझर एक, किती लिटरचा. ट्रॉल्या सहा, जाळ्यांसह. असे लिहिता लिहिता त्या पडद्याच्या दांड्यांपाशी आल्या आणि दोन्ही पक्षांकडे पाहू लागल्या. विकणारे काका चष्मा पुसू लागले. घेणाऱ्याने मोबाइल उलटा करून ठेवला. काकूंनी “दांड्यांचं काय एवढं,” असे पुटपुटून पोह्यांच्या बशा पुढे सरकविल्या.

“पण राहणार की जाणार?” वकीलबाईंनी विचारले.

“अहो, एवढं काय त्यात, घरातलेच आहोत आपण,” घेणारा म्हणाला.

“तेच म्हणतो मी,” काका म्हणाले. “असं करा ताई, ‘आणि इतर किरकोळ वस्तू’ असं लिहून टाका. म्हणजे सगळंच आलं.”

“हो, हो, सगळंच आलं,” घेणाऱ्याने ताबडतोब दुजोरा दिला, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहून मोठ्या प्रसन्नतेने प्रत्येक पानावर सह्या केल्या. वकीलबाईंनी त्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने एक बारीक खूण केली, पुढल्या महिन्यातील आपल्या मोकळ्या तारखा पाहून घेतल्या, आणि पोह्यांवर लिंबू पिळले.